चोर्ल्याच्या वाटेनं जुन्या गोव्याला

सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, आम्ही बेळगावहून पायी निघतो. पिरनवाडी मागे पडली की पहिला तेर्स, म्हणजे मारियेची जपमाळ, सुरू होतो. त्याआधी शहरात कुणी तोंड उघडत नाही. पहाटे साडेतीनला कुत्री अंगावर येतात, आणि झोपमोड झालेली माणसं कुत्र्यांपेक्षा वाईट. पुढे क्रूस, मागे बायका, मग आम्ही, शेवटी सामानाचा टेम्पो. चोर्ल्याचा रस्ता अरुंद, त्यात गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्या पहाटेच सुटतात. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांकडे बघत चालायचं, आणि चमकणारी पट्टी छातीवर आणि पाठीवर, दोन्हीकडे लावायची. नुसती पाठीवर लावून उपयोग नाही, धोका समोरून येतो.

सायबाची, म्हणजे झेवियरची, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) 24 नोव्हेंबरला लागते, फेस्त 3 डिसेंबरला. 2 तारखेची संध्याकाळ जुन्या गोव्यात, असं धरून मागे मोजत यायचं. रोज 25 किलोमीटर झेपतात, 28 पर्यंत ओढता येतात. त्याच्या पुढे गेलं की दुसऱ्या दिवशी निम्मी मंडळी टेम्पोत बसलेली दिसतात.

पाच दशकांच्या, म्हणजे पाच वेळा दहा मण्यांच्या, एका तेर्साला वीस मिनिटं, म्हणजे साधारण दीड किलोमीटर. त्यामुळे अंतर तेर्सांत मोजायची सवय लागते. किणये किती लांब? दोन तेर्स. खरा घोळ भाषेचा. पहिलं दशक मराठीत, दुसरं कोंकणीत, तिसरं कन्नडात असं ठरलेलं असतं, पण चौथ्यावर हक्क कुणाचा आणि पाचव्यावर कुणाचा, हा बेळगावचा जुना खटला रोज पहाटे नव्यानं उभा राहतो. ज्याचा आवाज मोठा त्याची ‘नमो मरिया’. एकदा तर एका ओळीचं पहिलं अर्ध मराठीत आणि दुसरं कन्नडात गेलं. मारियेला कळलं असणार. आम्हांला मात्र राग आला, आणि रागातच पुढची दहा मण्यांची फेरी पुरी केली.

दुपारी तीनला दयेची माळ. सिस्टर फाउस्तिना हिच्यामुळे रूढ झालेली, तेर्साच्याच मण्यांवर म्हणायची प्रार्थना. मोठ्या मण्यावर ख्रिस्ताचं शरीर व रक्त पित्याला अर्पण करायचं, लहान मण्यावर त्याच्या यातनांसाठी आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया कर, असं दहादा, अशी पाच दशकं. शेवटी ‘पवित्र देवा’ तीनदा. सात-आठ मिनिटांत होते. सपाटीवर कुणीही म्हणेल. जांबोटीच्या पुढे चढ लागला की पूर्ण ओळ एका दमात निघत नाही. तिथं पुढारी चार पावलांत पहिला तुकडा टाकतो, बाकीचे पुढच्या चार पावलांत उरलेला उचलतात. लय पायांना द्यायची, घशाला नाही. घशाला दिली की पोटात कळ येते, मग माणूस कमरेवर हात ठेवून उभा.

आमच्यात नवस फेडणारे बरेच. मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण, कुणाचं दारू सुटणं. एक मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, मावशी शेजारणीच्या सोबतीला म्हणून आलेल्या. तेर्स म्हणत नाहीत, पण चालतात सगळ्यांच्या पुढे. कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल ओलांडताना त्यांनी विषय काढला. ‘देवानं दिलं ते आधीच दिलं की. आता हे पाय झिजवून काय हप्ते फेडताय?’ आणि लगेच बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय तोंडपाठ: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. नवसवाले भडकले. खरं तर या भांडणावर कॅथलिक आणि लुथरन मंडळींनी 1999 साली जर्मनीत ऑग्सबुर्गला एका समझोत्यावर एकत्र सही केली, मेथडिस्ट 2006 ला त्यात आले. कृपा पहिली, माणसाचं चांगलं काम मागाहून, हे दोघांनाही मान्य. कुसमळीच्या पुलावर ती बातमी अजून पोचलेली नाही.

मावशींचं म्हणणं बायबलातल्या निर्गम या पुस्तकात उघड दिसतं. दहा आज्ञा विसाव्या अध्यायात येतात, मिसरातल्या गुलामीतून सुटका त्याआधी चौदाव्यातच झालेली असते. देव आधी बाहेर काढतो, मग सांगतो कसं वागायचं. आणि समुद्र ओलांडून तीन दिवस होत नाहीत तोच लोकांची कुरकुर चालू, पाणी कडू म्हणून. आमचंही तसंच. पुलावर भांडून जांबोटीला पोचलो तर चहा पातळ, म्हणून नवी तक्रार.

कणकुंबीच्या अलीकडची ती दुपार. कॉलेजातला एक पोरगा नवे कोरे बूट घालून आलेला, आणि वर जाड सुती मोजे. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते, मऊ कातडीवर टाच घासली की वरचा थर खालच्यावर सरकतो आणि मध्ये पाणी भरतं. फोड व्हायला तीनच गोष्टी लागतात: ऊब, ओल, घर्षण. नव्या बुटात तिन्ही फुकट मिळतात. निघायच्या आधी दीड-दोन महिने तेच बूट घालून रोज पाच-सहा किलोमीटर चालायचं असतं, आणि माप अर्ध्या ते एका नंबरानं मोठं घ्यायचं, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो. हे त्याला सांगितलं होतं. पोरं ऐकतात थोडीच.

रस्त्यालगतच्या घराच्या पडवीत एक म्हातारा बसलेला. गळ्यात तुळशीची माळ, कार्तिकीहून परतून फार दिवस झाले नसावेत. पोराला लंगडताना बघून त्यानं हाक मारली.

‘माउली, पाय का ओढलायस? बस की इथं.’

कोण, कुठले, कुठं चाललात, काही विचारलं नाही. क्रूस समोर उभा होता, तो त्याला दिसत होता. सुनेला गरम पाणी आणायला सांगितलं आणि स्वतः साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग पोराचा पाय मांडीवर घेतला. दोन्ही टाचांवर फोड, डावा लिंबाएवढा. सुई दिव्यावर लाल केली, निववली. फोडाच्या मधोमध नाही, खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचली, म्हणजे उभं राहिल्यावर पाणी आपसूक खाली उतरतं. स्वच्छ फडक्यानं हलकेच दाबलं. वरची कातडी काढली नाही. ती काढली तर खालचं लालभडक मांस उघडं पडतं आणि पुढचे दोन दिवस गेले म्हणून समजा.

इथवर सगळं बरोबर. मग त्यानं सुईत दोरा ओवला. वारीतली ही जुनी रीत, दोरा फोडातून आरपार घालून दोन्ही टोकं बाहेर ठेवायची, म्हणजे भोक बुजत नाही आणि पाणी झिरपत राहतं. पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाण आत शिरते, पू होतो. मी नको म्हणालो.

‘इतकी वर्षं घालतोय. कुणाचा पाय गेला नाही.’

‘बाबा, राहू द्या. पुन्हा भरला तर पुन्हा टोचू.’

तो नाराज झाला. पण दोरा ठेवला. आमच्या पिशवीतलं आयोडीन लावलं, गॉज ठेवलं, वर कागदी चिकटपट्टी. चिकटपट्टीचे कोपरे गोल कापायचे, चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचलतो. आणि ती ताणून लावायची नाही, सुरकुती पडली की तिथंच नवा फोड.

एवढ्यावर थांबला असता तर काही नव्हतं. त्यानं बूट उचलला, आत बोट फिरवलं, टाचेचा कडक भाग चाचपला, आतून कोयती आणली आणि कुणाला काही कळायच्या आत बुटाची मागची भिंत कापून टाकली. दोन्ही बुटांची. पोरगा ओरडला, अडीच हजारांचे होते. म्हातारा शांतपणे म्हणाला, ‘बूट परत घेशील. चाल आता.’ पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पायासाठी नव्हतं. आम्ही हसलो, मग गप्प झालो, कारण कापलेल्या बुटात पाय घालून तो खरोखरच सरळ चालायला लागला होता.

सुनेनं सगळ्यांना नाचण्याची आंबील दिली, ताकातली, मीठ जरा जास्तच. ते मीठ हवंच होतं. दिवसभर घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलं की डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं ऊन लागलं. ओआरएसची (मीठ-साखरेची) पुडी असेल तर एक लिटरला एक, अर्धी-अर्धी करून ग्लासात नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. पैसे द्यायला गेलो तर म्हातारा चिडला. आमचं गाणं रडकं आहे, टाळ का घेत नाही, असंही वर ऐकवलं. निघताना मावशींनी त्याला दोन्ही हात जोडले आणि तो उठून आत गेला.

कणकुंबीला मुक्काम, थंडी फार.

घाट उतरणं चढण्यापेक्षा वाईट. सुमारे 800 मीटरवरून खाली. उतारावर पाय बुटात पुढे घसरतो, बोटं आदळतात, नखं काळी पडतात. नखं आधीच सरळ कापायची, कडा गोल करायच्या नाहीत, आणि नाडी घोट्यापाशी घट्ट, पुढे सैल. पावलं लहान. जप मोठ्यानं नको, वळणावर गाडी ऐकू यायला हवी. म्हणून घाटात आम्ही बायबलातलं स्तोत्र 107 एकेकानं वाचतो, बाकीचे ऐकतात.

त्यात चार टोळ्या आहेत. रानात वाट चुकलेले, अंधारात बेड्या पडलेले, आजारानं मरणाच्या दारी टेकलेले, आणि वादळात सापडलेले खलाशी. पहिल्या आणि चौथ्या टोळीचा काही दोष सांगितलेला नाही. दुसऱ्यांनी देवाविरुद्ध बंड केलेलं, तिसऱ्यांनी मूर्खपणानं स्वतःवर ओढवून घेतलेलं. पण 6, 13, 19, 28 या चारही ओव्यांत तेच: त्यांनी संकटात परमेश्वराचा धावा केला आणि त्यानं त्यांना सोडवलं. चौकशी नाही, चूक कुणाची याचा पंचनामा नाही. नव्या बुटांचा पोरगा तिसऱ्या टोळीतला, असं मावशींनी तिथल्या तिथं जाहीर केलं. त्यालाही ते पटलं.

मात्र कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करताना, चूक कुणाची हे सांगावंच लागतं, आणि ते स्वतःचं. दया मोजून मिळत नाही म्हणून पाप मोघम सांगायचं असं नाही. मोठी पापं कोणती आणि किती वेळा, हे दोन्ही. पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, मग फादर क्षमा उच्चारतात, मग दिलेलं प्रायश्चित्त. लोक काय करतात? सासूची, जावेची, भावाची पापं सविस्तर सांगतात आणि आपलं एका वाक्यात उरकतात. दुसरी चूक, चालणं हेच प्रायश्चित्त समजणं. फादरांनी तीन ‘आमच्या बापा’ सांगितले असतील तर ते तीन म्हणायचे, शंभर किलोमीटर त्याच्या बदली धरले जात नाहीत. कुमसार निघण्यापूर्वी गावात करावा हे उत्तम. फेस्ताला रांग लांब, मागचे खाकरतात, माणूस घाई करतो आणि निम्मं गिळतो.

केरी, अंजुण्याचं धरण, साखळी, डिचोली. गोव्याचा दमटपणा अंगाला चिकटतो, दिवस एकमेकांत मिसळतात. नार्व्याला सप्तकोटेश्वर, मग फेरीबोट, दिवाडी बेट, टेकडीवर करुणामातेची इगर्ज, म्हणजे चर्च. बेट ओलांडून दुसरी फेरी. कुणीतरी खलाशांची ओवी काढली, पण बोट पुरती गच्च आणि एक स्कूटर माझ्या पायावर, त्यामुळे पुढचं ऐकलं नाही. पलीकडे व्हाइसरॉयची कमान, आणि त्यापुढे सगळा गाव माणसांचा.

मंडपातल्या मिसेत, म्हणजे फेस्ताच्या उपासनेत, ‘प्रभो, दया कर’ येतं आणि काही क्षणांत जातंही. चपला कुठं ठेवल्या हे बघेपर्यंत गौरवगीत सुरू. कितीतरी बायका रडत होत्या, आमच्यातल्या नवसवाल्याही, मावशीही.

मिसा सुटल्यावर टेम्पो सापडेना. फोन लागेना. गर्दीत आम्ही बासिलिकेला, सायबाच्या मोठ्या चर्चला, दोन फेऱ्या मारल्या, पोलिसांनी तिसरीला हटकलं. पाणी संपलेलं, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ‘आता आपण पहिली टोळी,’ मावशी म्हणाल्या, आणि त्यावरही कुणी हसलं नाही. टेम्पो रायबंदरच्या रस्त्याला लागलेला निघाला, ड्रायव्हर आत गाढ झोपलेला. पुढची सीट पोरानं मागितली. मावशींनी दिली नाही.