सीआरपी (शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढला म्हणजे गर्भाशयात संसर्ग आहेच का?

गरोदरपणात ३७ आठवड्यांआधी पाणी गेलं, म्हणजे गर्भजलाची पिशवी फुटली, की आईच्या रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी बघतात. पण एकट्या आकड्यावर निदान करू नये. बीटामेथासोनचं (बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात ते स्टेरॉइड) इंजेक्शन झालं असेल तर संसर्ग नसतानाही एक-दोन दिवस पेशी चढतात. १५,००० च्या वरचा आकडा तेव्हा फसवा ठरतो. म्हणून पहिलं रक्त शक्यतो इंजेक्शनआधीच घ्यावं, आणि नळीवर वेळ लिहावीच. सीआरपी यकृतात तयार होतो, त्यामुळे त्याची वाढ संसर्गाच्या काही तास मागे राहते. संसर्ग गर्भपिशवीपुरताच असेल तर आईचं रक्त अगदी नॉर्मलही दिसतं! खात्री हवी असल्यास गर्भजलाचं कल्चर (त्यात जंतू वाढतात का हे प्रयोगशाळेत बघणं). मात्र आईला ताप, बाळाचे ठोके १६० च्या वर, दुर्गंधीयुक्त स्राव असं चित्र असेल, तर रिपोर्टसाठी अँटिबायोटिक थांबवू नये.