विशेष काही नाही

दुपारी तीनच्या सुमाराला पुण्याहून मित्राचा फोन आला. मी दारात खुर्ची टाकून बोरं खात बसलो होतो.

"काय करलालास?"

"काय नाही, बसलोय."

हा पंचवीस वर्षं पुण्यात आहे. सोसायटीत, ऑफिसात व्यवस्थित 'काय करतोयस' म्हणतो. पण मला फोन लावला की लातूरचं 'करलालास' आपसूक बाहेर येतं. मग आम्ही गुडघ्यांवर बोललो, पोरांच्या परीक्षांवर बोललो, गावाकडं कोणी किती एकर विकलं यावर जरा जास्तच बोललो. शेवटी त्यानं नेहमीचा प्रश्न टाकला, "अजून काय विशेष?"

"विशेष काही नाही. तुझं?"

"आपलंबी तेच."

फोन ठेवला, एक बोर तोंडात टाकलं आणि आठवलं. अरे, आपण नळदुर्गला जाऊन आलो ते याला सांगितलंच नाही! तेरला गेलो होतो, तेही राहिलं. मागच्या महिन्यात येळवस झाली, म्हणजे रानात जाऊन साजरी करायची वेळ अमावस्या, तिचा तर शब्दही नाही. वीस मिनिटांत आम्ही नेमकं काय बोललो मग?

त्यातही नळदुर्ग सांगायला हवं होतं. कॉलेजात असताना आम्ही दोघं पावसाळ्यात नळदुर्ग किल्ल्यातले नर-मादी धबधबे बघायला म्हणून निघालो होतो. पैसे तुळजापूरपर्यंतच पुरले. स्टँडवर दोघांत एक भज्यांची प्लेट खाल्ली, देवीला हात जोडले आणि उलट्या गाडीनं परत. "पुढच्या पावसाळ्यात जाऊ" असं ठरलं होतं. तो पुढचा पावसाळा यंदा आला आणि मी एकटाच जाऊन आलो. म्हणजे न सांगण्यात थोडी चोरीही होती म्हणा.

खरं तर मला सांगता येत नाही. काही लोकांना हे अंगचंच असतं. माझी मावशी तुळजापूरला जाऊन आली की स्टँडवरच्या पोह्यांपासून सुरुवात करते. पोह्यात मीठ कमी होतं. मग मीठ मागितलं. मग तो पोरगा कोणाचा निघाला, तर तिच्या जावेच्या माहेरचा. मग त्याच्या बहिणीचं लग्न कुठं झालं. तासाभरानं चहा होतो, मावशी अजून औशाच्या पुढं सरकलेली नसते. आजवर मी तिच्या तोंडून तुळजापूरच्या पंधरावीस वाऱ्या ऐकल्या असतील, पण एकदाही आम्ही देवळापर्यंत पोचलेलो नाही. तरी मी हलत नाही. आणि मी स्वतः सांगायला बसलो की सगळा नळदुर्ग दोन वाक्यांत संपतो. गेलो होतो. छान आहे.

छान काय आहे? बोरी नदीवर आदिलशाहीतला बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. अंधारा जिना उतरून आत जायचं. बाहेर उजेड, डोक्यावर दगड, त्या दगडावर अख्खी नदी. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून दोन अंगांनी पाणी कोसळतं, तेच नर आणि मादी. आत मात्र कोरडं. मी खिडकीत उभा राहून समोर बघत होतो आणि थोड्या वेळानं लक्षात आलं, की पाण्याचा आवाज आपण कानांनी नाही, तळपायांनी ऐकतोय. चप्पल काढली. दगड बारीक थरथरत होता, पिठाच्या गिरणीच्या ओट्यासारखा. शेजारी एक बाई पोराला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं, आणि त्यांनीही हळूच चप्पल काढली. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. आता हे फोनवर कसं सांगायचं? "चप्पल काढून उभा होतो" एवढंच उरतं.

तेरचं वेगळं. तिथं मी खरं तर गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलो आणि दुपारभर संग्रहालयात रमलो. सातवाहनांच्या काळात तेर म्हणजे तगर, थेट रोमपर्यंत व्यापार. हे शाळेत घोकलेलं होतं, पण काचेमागं ठेवलेले दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या बघितल्या आणि आधी मनात आलं ते घरच्या जुन्या ट्रंकेचं. माझा जीव अडकला तो वस्तूंपेक्षा त्या गोळा करणाऱ्यात. रामलिंगप्पा लामतुरे गावचेच. पाऊस पडून गेला की तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, असलं काहीबाही वर येतं. ते त्यांनी जमवलं, जपलं, आणि त्यांच्या नावानंच आज ते सरकारी संग्रहालय उभं आहे. त्यांनाही कोणी दुपारी विचारलं असेलच, "काय, आज काय विशेष?" खिशात चार मणी घेऊन ते काय म्हणाले असतील?

माझे छंद असल्या लायकीचे नाहीत. शेजारच्या काकांबरोबर रोज सकाळी शब्दकोडं सोडवतो, तेवढाच. पेपर त्यांचा, पेन माझं. परवा 'पाण्यातला प्राणी, तीन अक्षरी' आलं. मगर बसते, सुसर बसते, कासवही बसतं. उभ्या शब्दांची वाट बघायची सोडून काकांनी पेनानं मगर लिहून टाकली, आणि मग दोन दिवस मगर वाचवण्यासाठी बाकीचे शब्द वाकवत बसले. शेवटी तिथं सुसर होती. काका म्हणाले, "पेपरवाल्यांचं चुकलंय."

येळवशीला मात्र गावी गेलो. त्या दिवशी लातूर शहर कसं ओस पडतं हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. दुकानं बंद, रस्त्यावर क्रिकेट, सगळी दुनिया रानात. आता गाडीनं जातो, डिकीत स्टीलचे डबे. भज्जी तीच, बाजरीचे उंडे तेच, कडब्याची कोप आणि चुन्यानं रंगवलेले पाच पांडव तेच. हुरड्याला अजून अवकाश होता. (पैसे भरून हुरडा पार्टीला जाणाऱ्यांबद्दल माझी मतं आहेत, ती इथं नकोत.)

लहानपणी आम्ही बैलगाडीनं जायचो आणि आंबिलीचं बिंदगं सांभाळायचं काम माझ्याकडं असायचं. दोन्ही गुडघ्यांत बिंदगं, त्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं, त्यातून येणारा ताकाचा आणि लसणाचा वास. एका वर्षी ओढ्याच्या उतारावर चाक चाकोरीत गेलं, गाडी एका अंगाला कलली आणि निम्मी आंबील माझ्या चड्डीवर. गार! मी रडायच्या बेतात. आई काही बोलायच्या आत अण्णा पुढून मागं न बघताच म्हणाले, "राहिली का थोडी? मग झालं." उरलेली आंबील रानात शिंपडत आम्ही 'ओलग्या ओलग्या' ओरडत फिरलो. त्या शब्दांचा अर्थ आमच्यात कोणालाच माहीत नाही, आणि शेजारच्या रानातले लोक ते जरा वेगळंच म्हणतात. संध्याकाळपर्यंत माझ्यामागं दोन कुत्री हिंडत होती.

तर फोन ठेवल्यावर हे सगळं आठवत बसलो आणि उठून ट्रंक उघडली. आंबील सांडली ते वर्ष कोणतं, हे बघायचं होतं. अण्णा डायरी लिहायचे. खतबियाणांच्या दुकानातून नव्या वर्षाला मिळायची ती. रोज एक ओळ, फार तर दोन. आधी आभाळ, मग शेत, मग घर. "आभाळ आहे, पाऊस नाही." "म्हैस व्याली. रेडा." आणि बहुतेक पानांच्या शेवटी दोन शब्द ठरलेले: विशेष नाही. माझ्या जन्माच्या दिवशीचं पान घरात सगळ्यांना पाठ आहे. "पाऊस चांगला. मुलगा झाला. बाकी विशेष नाही." यावरून आई त्यांना आयुष्यभर टोचायची. ते म्हणायचे, "अगं, पाऊस किती दिवसांनी झाला होता!"

आंबिलीचं पान सापडलं. "येळवस. आंबील सांडली. विशेष नाही."

मग हातात पुढची एक डायरी आली. १९९३ची. मला ती उघडायची नव्हती असं नाही, पण मुद्दाम काढलीही नसती. २९ सप्टेंबरला लिहिलंय, "गणपती बोळवले. पोरं उशिरा झोपली. विशेष नाही." त्याच रात्री, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंप झाला. आमचं गाव किल्लारीपासून वीसेक किलोमीटरवर. आमच्या दोन भिंती गेल्या, माणसं राहिली. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून आम्हाला ज्यांचं कौतुक होतं, तीच घरं तिकडं झोपलेल्या माणसांवर बसली. अण्णा सकाळीच गावच्या ट्रॅक्टरवर बसून गेले. चार दिवसांनी परत आले, आंघोळ केली आणि काही बोलले नाहीत. वर पाऊस लागलेला. आम्ही पुढं कितीतरी दिवस अंगणात ताडपत्रीखाली झोपत होतो.

३० सप्टेंबरचं पान कोरं आहे. त्याच्या पुढची सगळी कोरी आहेत, वर्षअखेरपर्यंत. आभाळसुद्धा नाही.

१९९४ची डायरी त्या दुकानानं नेहमीसारखी दिली असणार, कारण ट्रंकेत आहे. तिचीही सुरुवातीची पानं कोरीच. आदल्या सालच्या अधिक महिन्यामुळं सण लांबले होते, येळवस जानेवारीत आली. त्या पानावर निळ्या शाईत, जरा दाबून लिहिलेली ओळ आहे.

"येळवस. सगळे होते. विशेष नाही."