मोबाइलवर बघून फवारलं तर काय बिघडलं?

शेतीसल्ल्याचं काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला बांधावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. सगळी माहिती फोनवर आयती मिळतेय, मग ती बघून फवारणी का करू नये? तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

कीड ओळखायची असेल तर जरूर बघा. मक्यावर पडणारी अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा सापडली ती मे २०१८ मध्ये, कर्नाटकात. काही महिन्यांतच ती आपल्याकडे आली. आपल्या वाडवडिलांनी ती कधी पाहिलेली नव्हती, मग शिवारात विचारायचं कुणाला? पण आफ्रिकेत ती २०१६ पासून धुमाकूळ घालत होती, त्यामुळे तिचे फोटो, तिचा जीवनक्रम, उपाय, सगळं नेटवर आधीच येऊन पडलेलं होतं. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं, शेपटीकडे चौकोनात चार ठळक ठिपके, पोंग्यात, म्हणजे मक्याच्या शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, ओल्या भुशासारखी विष्ठा. एवढं फोनवर पाहिलेला शेतकरी पोंगा उलगडतो, अळी तळहातावर घेतो आणि खात्रीनं नाव सांगतो. एरवी याच ओळखीसाठी नमुना डबीत घालून तालुक्याला न्यावा लागायचा. तोवर अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरते, वर विष्ठेचं बूच बसतं आणि औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. हातात आलेले ते चार दिवस म्हणजे मक्याचं अख्खं पीक असतं. माहिती मुबलक झाली याचा मला खरोखर आनंद आहे.

औषधाच्या मात्रेचं मात्र तसं नाही. व्हिडिओतला माणूस सांगतो, ‘पंपाला इतके मिली.’ कुठल्या पंपाला? पाठीवरचा साधा पंप पंधरा-सोळा लिटरचा, पेट्रोलवर चालणारा पंचवीसचा. शिवाय पेट्रोल पंपाला एकरी पाणी फार कमी लागतं, म्हणून साध्या पंपासाठी दिलेली मात्रा त्यात तिप्पट करायला सांगतात. ती तिप्पट मात्रा कुणी साध्या पंपात ओतली, तर एकरी तिप्पट औषध गेलं. पानं करपण्याची भीती, मित्रकीटक मेले, पैसे गेले ते वेगळेच. उलटं झालं तर अळी मरत नाही. मग औषध बोगस ठरतं आणि दुसरा व्हिडिओ उघडला जातो.

खरी काळजी मला तिथून पुढची वाटते. एक व्हिडिओ बघून समाधान होत नाही, म्हणून पाच बघायचे. पाच जण पाच औषधं सांगणार. कुणी कपाशीवरचं, कुणी दुसऱ्या राज्यातलं, कुणी चार वर्षांपूर्वीचं. कोणतं खरं हे ठरत नाही, की पाचही एकाच टाकीत! २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, आणि औषधांची मिश्रणं, अशी कारणं तेव्हा पुढे आली. विषबाधा झालेल्या माणसावर काय उपचार करायचे हे ठरवायला डॉक्टरांना डब्यावरचं लेबल लागतं. पाच डब्यांचं मिश्रण अंगावर उडालं असेल तर त्यांनी कुठल्या विषावर इलाज करायचा? आणि फवारणारा पुष्कळदा मजूर असतो. त्यानं तो व्हिडिओ पाहिलेलाही नसतो.

त्यामुळे माझं उत्तर असं, की ओळख फोनवर पटवा, मात्रा लेबलावरून किंवा कृषी विद्यापीठाच्या चालू हंगामाच्या शिफारशीतून घ्या. मला व्हिडिओ पाठवलात तरी हरकत नाही, मी बघते. पण आधी एकदा शेतात आडवंतिडवं फिरून पाच ठिकाणची झाडं तपासा. मग पीक किती दिवसांचं आहे, शंभरातल्या किती झाडांना अळी दिसली आणि पंप कोणता, एवढं लिहा. सोबत डब्याच्या लेबलाचा फोटो जोडा, त्यावर मक्याचं नाव छापलंय की नाही हे वाचता येईल असा.