तुम्ही विचारलंत म्हणून: कायोटीसाठी कोणती रायफल घ्यावी?

फोन बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये येतात. इथे टेक्ससमध्ये ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोच्या बाहेर आपल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी बारा-पंधरा एकर घेतलेले असतात, शेतजमिनीची करसवलत टिकावी म्हणून शेळ्या पाळलेल्या असतात, आणि एका सकाळी एक करडू गायब झालेलं असतं. संशय कायोटीवर, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या, लांडग्याहून लहान जनावरावर. फोन नवऱ्याला येतो. तो "हिलाच विचारा" म्हणत माझ्या हातात देतो. "वहिनी, कायोटीसाठी रायफल कोणती घेऊ?" आणि लगेच पुढच्या वाक्यात तीन-चार काडतुसांची नावं, कारण रात्रभर व्हिडिओ बघून झालेले असतात. एकेकाला सांगून मी दमले. आता एकदाच लिहिते आणि यापुढे हेच पाठवत जाणार.

घ्या: २२३ रेमिंग्टन (हे काडतुसाचं नाव), बोल्ट-अ‍ॅक्शन, ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), लागताच आत फुटणारी गोळी, झीरो, म्हणजे नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर, दोनशे यार्डांवर.

हे ऐकून माणसं हिरमुसतात. एवढंच? हो, एवढंच. ही गोळी नळीतून सेकंदाला सव्वातीन हजार फुटांच्या आसपास निघते. दोनशेवर झीरो केली की शंभरावर दीड इंच वर लागते आणि तीनशेवर साधारण सहा इंच खाली. काडतुसं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, बाकीच्यांच्या मानाने स्वस्त पडतात, म्हणून सराव होतो. धक्का इतका कमी की गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून स्वतःलाच दिसतं. फक्त जुनी रायफल स्वस्तात मिळाली म्हणून उचलणार असाल, तर नळीतल्या आट्यांचा पीळ विचारून घ्या. बारा इंचांत एक वेढा असेल तर ७० ग्रेनच्या आसपासच्या लांब गोळ्या तिच्यातून सरळ जात नाहीत.

आता अंतराचं. "चारशे यार्डांसाठी काय?" असं विचारणाऱ्याला मी उलट विचारते, तुमच्या जमिनीवर चारशे यार्ड सलग दिसतं तरी का? आमच्या एडवर्ड्स पठारावर सीडर आणि लाइव्ह ओकची दाटी, मध्ये मध्ये उघडा चुनखडक. सशाच्या किंकाळीचा आवाज लावला की कायोटी सरळ चालून येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, वास घेतो आणि दोन झाडांच्या फटीत क्षणभर दिसतो. साठ, ऐंशी, फार तर दीडशे यार्ड. इथे साडेसहाची क्रीडमूर, म्हणजे लांब पल्ल्याचं काडतूस, आणि तिची १४० ग्रेनची गोळी घेऊन काय करणार? हलकी गोळी खडकावर आपटली की बहुधा तिथेच तिचा चुरा होतो. जड गोळी शिट्टी वाजवत पुढे जाते, आणि पुढे कुणाचं घर आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. चाळीस यार्डांच्या आत तर रायफल बाजूला ठेवा. बारा बोअरची छर्ऱ्यांची बंदूक, तीन इंची काडतूस, चार नंबर बक म्हणजे जाड छर्रे, एका काडतुसात ४१ छर्रे. हे सांगितलं की कुणालाच आवडत नाही, कारण बारा बोअर दाखवायला काही मजा नाही.

१७ एचएमआर, ते चिमुकलं काडतूस? नको. आवाज कमी, शेजारी कुरकुरत नाहीत, सगळं मान्य. पण १७ ग्रेनची गोळी म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं बी. जखमी जनावर सीडरमध्ये शिरलं की सापडत नाही.

उघड्या मुलखात, म्हणजे टेक्ससच्या उत्तर टोकाला पॅनहँडलमध्ये किंवा वर वायोमिंगच्या माळावर, चारशे यार्डांचा प्रश्न खरा आहे. तिथे २२-२५० किंवा २४३ ही काडतुसं. आडवा वारा ताशी दहा मैल असेल तर तीनशे यार्डांवर २२३ ची ती गोळी फूटभर सरकते. २२-२५० थोडी कमी सरकते, २४३ ची ८७ ग्रेनची त्याहून कमी. कायोटी समोरून आला तर छातीची रुंदी जेमतेम चार इंच. म्हणजे खाली किती पडते हा हिशेब सोपा, तो तक्त्यात मिळतो. वारा तक्त्यात मिळत नाही.

माझी पहिली रायफल २२-२५०च होती, हे ज्यांना माहीत आहे ते आता हसतील. हसा. मी वेगाच्या नादी लागले होते. १९१५ च्या सॅव्हेज काडतुसाचं तोंड आवळून हौशी लोकांनी ती घडवली, कित्येक वर्षं स्वतःच काडतुसं भरून वापरली, आणि १९६५ मध्ये रेमिंग्टनने तिला अधिकृत केलं. ही कहाणी मी पाहुण्यांना जेवता जेवता ऐकवायचे. सेकंदाला ३,६८० फूट. नळी लवकर झिजते म्हणावं तर म्हणायचे, झिजू दे. वेग असला की अंतराचा अंदाज चुकला तरी गोळी सांभाळून घेते, असं तेव्हाची मी म्हणायची. आणि ती चूक म्हणत नव्हती. आजही तिच्याशी वाद घालायला बसले तर गणितात तीच जिंकेल.

पण खंडूचं सांगायला हवं, कारण ते टाळलं की माझं उत्तर नुसतं म्हातारपणाचं वाटतं.

खंडू आमचा कळप राखणारा कुत्रा, अनातोलियन शेफर्ड जातीचा. अंगाने दुधाळ, तोंड काळं, वजन साठ किलोच्या घरात. कळपाबरोबर वाढलेला, शेळ्यांमध्येच झोपायचा. रात्री कुंपणाच्या बाहेर एक फेरी मारायचा. "बाहेर कसा गेला?" असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, जणू दोष कुंपणाचा. या जातीचं कामच ते आहे. कळपाभोवतीची मोकळी पट्टी आपल्या वासाने भरून ठेवायची, म्हणजे कायोटी ती ओलांडत नाही. कुत्र्याला सातबारा कळत नाही.

शेजारची जमीन हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने दिलेली. तिथे आलेला एक पाहुणा सकाळी आमच्या फाटकाशी गाडी लावून उभा राहिला. तरुण, नीटनेटका. म्हणाला, "मॅम, रात्री मी बहुतेक तुमचा कुत्रा मारला." बहुतेक. मग त्याने स्वतःहून फोन पुढे केला. थर्मल दुर्बिणीतलं, म्हणजे अंगाची ऊब टिपणाऱ्या दुर्बिणीतलं चित्रण होतं.

ते मी पाहिलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी आकृती कुंपणाच्या कडेने जाते. रंग नाही, केस नाहीत, काळं तोंड नाही, फक्त ऊब. कोपऱ्यात अंतर दिसत होतं, ३४० च्या वर काहीतरी. आजूबाजूला मोजायला काही नव्हतं, त्यामुळे ती आकृती साठ किलोची की चौदाची, हे त्यातून खरंच कळत नव्हतं. खंडू सावध असला की शेपूट पाठीवर गोल वळायचं. ते वळलेलं असतं तर तो माणूस थांबला असता, असं मला वाटतं. पण तो निवांत चालला होता, शेपूट खाली, कायोटीसारखं. मागचा डावा पाय तो जरा झटकून टाकायचा, लहानपणी बोकडाने मारलं होतं म्हणून. मला दुसऱ्या पावलाला कळलं. त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. मग आकृती थांबली, मान वळवली, आणि बसली. म्हणजे तशी दिसली.

रायफल कोणती होती ते मी विचारलं. हो, मीच विचारलं, अशा वेळी तोंडातून काय बाहेर पडेल ते सांगता येत नाही. २४३. ८७ ग्रेन. वारा थोडा डावीकडून होता, त्यासाठी त्याने नेम दोन इंच बाजूला धरला होता. गोळी खांद्याच्या बरोबर मागे. त्याने फोन करून मला विचारलं असतं तर मी अक्षरन्‌अक्षर हेच सांगितलं असतं. अंतर बरोबर, काडतूस बरोबर, वारा बरोबर, झीरो बरोबर.

तिथे खड्डा खणता येत नाही, वीतभर मातीखाली कातळ. दगड रचावे लागले. तो माणूस थांबला आणि दुपारपर्यंत दगड वाहत राहिला. चांगले निवडायचा, सपाट, एकावर एक बसणारे. मला त्याचा त्यासाठी जास्त राग आला. निघताना म्हणाला, "माझा सेन्सर ३८४ पिक्सेलचा होता. ६४० चा, जास्त स्पष्ट, असता तर दिसलं असतं का?"

मी उत्तर दिलं नाही. तेव्हा ते निर्लज्ज वाटलं. आता तसं वाटत नाही, आणि खरं म्हणजे कदाचित दिसलंही असतं. तोंडाची ठेवण, मानेची जाडी, ६४० मध्ये यातलं थोडं तरी दिसतं. म्हणजे सामानानेच प्रश्न सुटतो हे त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि मान्यही करवत नाही. दिवा लावून बघता आलं असतं. सकाळपर्यंत थांबता आलं असतं. कायोटी उद्याही असतो.

कारण तो असतोच. एक मारला की मोकळ्या जागेत दुसरा येतो, आणि जी जोडी शेळ्यांना हात लावत नाही तिला मारलं तर कदाचित लावणारी येते. सोलापूरहून आत्या फोनवर म्हणते, "आपल्याकडे लांडगा मेंढरू नेतो, धनगर चार शिव्या घालतो आणि कळप पुढे काढतो. तुम्हाला बंदूक कशाला लागते गं?" तिला काय सांगू? इथे कायोटीला बंद हंगाम नाही, त्यामुळे कायदा तुमच्यासाठी काहीच ठरवत नाही, सगळं चापावरच्या बोटाने ठरवायचं. खंडू गेल्यावर एकट्या पडलेल्या कुत्रीला चारी बाजू सांभाळता येईनात. रात्रभर ती भुंकत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावायची, आणि करडं जातच राहिली. मी बसले, आवाज लावला, मारले. २२३ ने, दिवसाउजेडी, शंभराच्या आत. तेच करडं नेणारे होते का? माहीत नाही. पुढे करडं जायची थांबली, पण त्याच सुमारास नवा कुत्राही आला होता.

तेव्हा ज्यांच्याकडे आठ शेळ्या आणि बारा एकर आहेत, त्यांनी आधी जाळीचं कुंपण बघा. खालची तार जमिनीलगत हवी, बाहेरच्या अंगाला विजेची एक तार, आणि रात्री शेळ्या आत. तरी रायफल हवीच असेल तर वर लिहिली आहे. थर्मल घेऊ का, असं विचारलंत तर मी घेऊ नका म्हणेन. त्यावर तुम्ही म्हणाल, वहिनी, तुमच्याकडे आहे की! आहे. ६४० ची आहे. गेल्या वर्षी घेतली.