अगस्तींच्या अकोल्यातून अगस्त्याच्या शोधात

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याला (म्हणजे अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) प्रवरेकाठच्या अगस्ती आश्रमात दर्शन घेऊन बाहेर पडलो. चपला घालता घालता भाचीने विचारलं, "मामा, समुद्र प्यायले ते हेच ना? मग त्यांचा तारा आज दिसेल?" वय वर्षं अकरा. मी तोंडभरून हो म्हटलं. फोनमध्ये आकाशातले तारे ओळखून दाखवणारं स्टेलॅरियम ॲप होतं, 30 डिसेंबर 2024 ची सोमवती अमावस्या होती आणि मुक्काम साम्रदला होता. आणखी काय हवं?

राजूर, शेंडी, उडदावणे करत दिवस मावळताना साम्रदला पोचलो. लोक इथे सांदण दरीसाठी येतात. आम्ही दरीकडे फिरकलोसुद्धा नाही. ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्यांच्या मागच्या खाचरातला भात केव्हाच कापून झाला होता. तिथेच पेंढा पसरला, वर सतरंजी टाकली आणि आडवे झालो.

पहिलाच नेम चुकला. पश्चिमेला एक ठळक चांदणी होती, तिच्यावर फोन धरला तर पडद्यावर नाव आलं पोलॅरिस, म्हणजे ध्रुव! भाची खूश. मी मात्र चरकलो. ध्रुव इतका झगझगीत नसतोच. जेमतेम दुसऱ्या प्रतीचा तारा तो, आणि पश्चिमेला कशाला जाईल? ती सरळ शुक्राची चांदणी होती. दिशा सुधारायला हवेत आठचा आकडा काढत फोन फिरवला. घटकाभर बरं चालायचं, की पुन्हा आकाश गरकन वळायचं. दहा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला: फोनच्या पाकिटाच्या झडपेत चुंबक होतं! फोनला दिशा कळते ती आतल्या होकायंत्रामुळे, आणि मी त्याच्या उरावर चुंबक बसवून ठेवलेलं. पाकीट काढून खिशात घातलं. मग उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूहाचा 'एम' शोधला, त्याखाली खरा ध्रुव डोळ्यांनी हेरला आणि पडद्यावरचा ध्रुव तिथेच येतो का ते ताडून पाहिलं. आला. तेव्हापासून माझा नेम ठरलाय: ॲपला आधी एक ओळखीचा तारा दाखवायचा, मगच त्याने सांगितलेले अनोळखी तारे मानायचे.

पडदा लाल केला. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात, लाल उजेड तेवढा बाधत नाही. त्यानंतर मजा आली. रोहिणीशेजारी गुरू ठाण मांडून बसलेला, वर कृत्तिकांचा पुंजका, पूर्वेला पुनर्वसूच्या जोडीखाली तांबूस मंगळ. जेवायला हाक मारायला आलेल्या, त्या घरच्या बाबांनी मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांकडे बोट केलं. "ते तिकांडं. या दिवसांत ते डोईवर आलं की निम्मी रात झाली." भाचीने लगेच ॲपमधली वेळ पुढे सरकवली. तिकांडं मध्यावर यायला साडेअकरा वाजून गेले. "बाबा, बरोब्बर!" बाबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. भाकरी निवतेय, एवढंच म्हणाले.

अगस्त्याने मात्र ताटकळत ठेवलं. ॲपच्या हिशेबाने तो सव्वाआठलाच उगवला होता. पडद्यावर ठिपका, समोर नुसता काळा डोंगर. ॲपचं क्षितिज सपाट, सह्याद्रीचं नाही! साडेनऊच्या सुमारास डोंगराच्या कडेवर काहीतरी लुकलुकलं. मला वाटलं, वर कुणीतरी बॅटरी घेऊन फिरतंय. ते हळूहळू कडेपासून सुटलं. व्याधानंतरचा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तो, सुमारे 310 प्रकाशवर्षं दूर. हा उजेड निघाला तेव्हा बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळून थोडीच वर्षं झाली असतील. भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं पाणी पिऊन इतका खाली का राहिला?"

त्याचं उत्तर रात्री सव्वाबाराला तिच्या हातात दिलं. तिनेच उठवायला सांगितलं होतं. त्या सुमारास अगस्त्य बरोबर दक्षिणेला, त्याच्या सर्वांत उंच जागी येतो. हात ताठ करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. साम्रदचे अक्षांश साडेएकोणीसच्या आसपास, म्हणून उत्तरेला ध्रुव जवळजवळ दोन मुठी वर. दक्षिणेला अगस्त्य अठरा अंशांच्या आतबाहेर. पाठीला पाठ लावल्यासारखे दोघे, बोटभर फरकाने. हे मी ॲपमध्ये आकडे वाचून हेरलं होतं, पण मोजायला फोन काढला नाही. शिवाय बॅटरीही नऊ टक्क्यांवर आली होती.

सतरंजी दवाने ओली झाली होती. गोधडीतून एकच हात बाहेर काढून तिने आधी उत्तरेला, अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांच्या अंगाला मूठ धरली, तिच्यावर दुसरी. मग सगळी गोधडी घेऊन वळली आणि दक्षिणेला तेच केलं.

"मामा, इकडे जरा कमी भरतंय."

"किती?"

"एक बोट. झोपू आता?"