पायांची हजेरी

चढ तोच होता, सायकल तीच, आणि मीही साधारण कालचाच होतो. तरी निम्म्या चढावर उतरून ढकलायची वेळ आली. साधी सायकल ढकलताना माणूस फक्त दमतो. इलेक्ट्रिक सायकल ढकलताना ओशाळतोही. वीसेक किलोंचं धूड, त्यात मोटर आणि बॅटरी दोघी आरामात बसलेल्या, आणि पालखीचा भोई मी एकटा. पेडल असिस्ट, म्हणजे पाय मारले की मोटरने मिळणारी मदत, बंद पडलं होतं. गेले कित्येक महिने हा चढ मी गुणगुणत चढायचो आणि त्याचं श्रेय मनातल्या मनात स्वतःच्या तब्येतीला देत होतो. ते नेमकं कोणाचं, हे मांड्यांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं.

घरी येऊन आधी स्क्रीन पाहिली. असिस्टची पातळी चुकून शून्यावर गेली असेल, तर पुढची सगळी खटपट हास्यास्पद ठरते. पातळी तीन होती. मग संशय बॅटरीवर. बिघाड झाला की आपलं मन थेट सगळ्यात महागड्या वस्तूपाशी जाऊन बसतं. पण अंगठ्याने थ्रॉटल, म्हणजे पाय न मारताच मोटर चालवणारा खटका, दाबला आणि सायकल सुळकन निघाली. म्हणजे बॅटरी ठीक, मोटर ठीक. ब्रेकच्या मुठीत मोटर तोडणारा स्विच असतो. तो अडकला असता तर थ्रॉटलनेही दाद दिली नसती. एका अंगठ्याने तीन आरोपी सुटले. उरला तो पायांकडे बघणारा सेन्सर, त्याची वायर, किंवा फार तर मोटरला हुकूम सोडणारा कंट्रोलर.

हा सेन्सर म्हणजे गमतीचा प्राणी आहे. क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांड्याला असतं त्याच्या, आसाला एक छोटी प्लास्टिकची चकती, तिच्यात गोलाकार बसवलेले चुंबक, माझ्या सायकलीत बारा. शेजारी फ्रेमला घट्ट बसलेला हॉल सेन्सर. एडविन हॉलने 1879 साली चुंबकाचा विजेवर होणारा जो परिणाम दाखवला, त्यावरच याचं पोट चालतं. पाय फिरले की चुंबक समोरून सरकतात आणि दर चुंबकाला एक इशारा कंट्रोलरकडे जातो. थोडक्यात, एका फेरीत बारा वेळा ‘हजर’. जोर किती लावला, हे त्याला कळतच नाही. ते कळणारे टॉर्क सेन्सर वेगळे, ते आसावरचा ताण मोजतात. माझा हा साधा हजेरीमास्तर. पाय नुसते गोल फिरवा, काम केल्याची नोंद होते आणि मोटर धावत येते. इतके महिने मी कष्ट करत नव्हतो, हजेरी लावत होतो.

मल्टिमीटर काढला. सेन्सरच्या तीन वायरी: एकीवर पाच व्होल्ट, दुसरी ग्राउंड, तिसरी इशाऱ्याची. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने इशाऱ्याच्या वायरीला टोक टेकवलं, दुसरं ग्राउंडला, आणि क्रँक अगदी सावकाश फिरवला. आकडा शून्य आणि पाचच्या आसपास उड्या मारायला हवा होता. तो ढिम्म, पाचवर. सेन्सर मेला असं ठरवून मी हळहळायला लागलो, तेवढ्यात सहज चकती बोटाने आत दाबून फिरवली. आकड्याने टुणकन उडी मारली. म्हणजे मास्तर धडधाकट होता, वर्गच लांब जाऊन बसला होता. चकती आणि सेन्सर यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर पुरतं. इथे माझ्या करंगळीचं टोक मावत होतं. चकती आसावरून हळूहळू बाहेर सरकली होती, आणि त्या फटीत चिखलाने घर केलं होतं.

ती नीट बसवायची तर डावा क्रँक उतरवणं आलं. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ज्याने एकदा सगळा जीव लावून ते आवळत नेलंय तो विसरत नाही. इथे सुदैवाने पायडलला हात लावायचं कारण नव्हतं.) मधला बोल्ट काढला, क्रँक ओढून काढणारा पुलर लावला, क्रँक निघाला. चकती पुसली, पुन्हा सरकू नये म्हणून तिच्यामागे आसाला झिप टाय आवळला, सगळं परत चढवलं.

सायकल उलटी ठेवून क्रँक फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. काही नाही. वैतागून मागे भिरकावला, तर मागचं चाक घूं करून पळत सुटलं! चकती मी उलटी घातली होती. फिरण्याची दिशाही या मास्तराला कळते, आणि त्याच्या लेखी आता मागे जाणारेच पुढे होते. अर्धा मिनिट मी मागे पाय मारून पुढे जाणाऱ्या सायकलीचा गंभीरपणे विचार केला. मग पुन्हा बोल्ट, पुन्हा पुलर.

संध्याकाळी त्याच चढावर गेलो. पायडल मारलं, पाव फेरी नुसती गेली आणि मग पाठीवर कोणी हात ठेवावा तशी मोटर आली. हा पाव फेरीचा उशीर आधीही असणार. मला कधी जाणवला नव्हता. वर पोचेपर्यंत डाव्या पायाखाली, दर फेरीला एकदा, अगदी बारीक ‘टक’ असा आवाज येत होता. क्रँकचा बोल्ट बहुतेक पुरता आवळलेला नाही.