412 वेळा 'आम्ही'

मी गेली अकरा वर्षं पुण्यात घरूनच पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते, दोन-तीन प्रकाशकांची कामं आलटून पालटून येत असतात. प्रवासवर्णनं माझ्याकडे जास्त येतात कारण मला ती मनापासून आवडतात आणि हे आता सगळ्यांना माहीत झालंय. त्यातही बाईने एकटीने केलेल्या प्रवासाचं काही असलं तर मी पैशाचं न विचारताच हो म्हणते. मागच्या फेब्रुवारीत मात्र जे हस्तलिखित आलं ते एकटीने केलेल्या प्रवासाचं आहे हे प्रकाशकालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

186 पानं, युनिकोडमधे नीट टाईप केलेली. लेखिका कोल्हापूरच्या, पोस्टातून रिटायर झालेल्या, वय 67. मी त्यांना ताई म्हणते. आसामातलं माजुली, हिमाचलातलं स्पिती, बंगालातलं गंगासागर असे नऊ वर्षांतले प्रवास, लिखाण एकदम स्वच्छ, कुठे फुगवलेलं नाही, बसचं भाडं आणि जेवण किती वाजता मिळालं इथपर्यंत सगळं पोस्टातल्या माणसासारखं व्यवस्थित नोंदलेलं. पहिल्या वाचनात मी फक्त शुद्धलेखन बघत गेले आणि स्पितीपर्यंत आले तेव्हा काहीतरी खटकायला लागलं.

सगळीकडे 'आम्ही' होतं. आम्ही पोचलो, आम्ही निघालो, आम्हाला थंडी वाजली. पण ही 'आम्ही' म्हणजे कोण? ग्रुपने केलेल्या प्रवासाची पुस्तकं मी कितीतरी केलीत, त्यात कोणीतरी हमखास हरवतं, कोणाचं तरी पोट बिघडतं, खिडकीवरून रुसवेफुगवे होतात. इथे नऊ वर्षांत कोणी आजारी पडलं नाही, कोणी भांडलं नाही, कोणाच्या तोंडी एक वाक्यसुद्धा नाही. मग मी मागे जाऊन बारकाईने वाचलं. रेकाँग पिओहून काझाला जाणाऱ्या बसमधे दोघांची सीट, खिडकीशी 'आम्ही' आणि शेजारी एक स्थानिक आजी. लॉजच्या खोलीत एकच पलंग. चहा सांगितला तो एक कप. एका भक्तनिवासात 'आम्हाला' खोली नाकारली आणि कारण काय दिलं, तर एकट्या माणसाला देत नाही.

मी समासात क्वेरी टाकली, 'सोबत कोण होतं? पहिल्याच प्रकरणात ओळख करून द्यावी, वाचकाला संदर्भ लागत नाही.' आणि रात्री पीडीएफ पाठवून दिली. सकाळी साडेसातला फोन. "मी गुरुवारी पुण्याला येतो, समोरासमोर बोलू." (कोल्हापूरकडे बायका येतो-जातोच म्हणतात, माझी मावशी तिकडचीच त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण पुढे याच येतो-जातोवर आमचा तासभर गेला म्हणून आत्ताच सांगून ठेवते.)

गुरुवारी साडेअकराला ताई आल्या. पाणी प्यायल्या आणि पिशवीतून एक खाकी पाकीट काढून टेबलावर उपडं केलं. एसटीची, हिमाचलच्या बसची, फेरीबोटीची तिकिटं, रेल्वे रिझर्वेशनच्या प्रिंट, सगळं वर्षवार रबर लावून. प्रत्येक प्रिंटवर प्रवासी एकच.

"सोबत कोणी नव्हतं गं. मी एकटीच होतो."

मग हळूहळू सांगितलं. मिस्टर लवकर गेले, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं करता करता रिटायरमेंट आली आणि त्याच वर्षी सासूबाई गेल्या. वाचन आधीपासूनचं, कोल्हापुरात 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, तिथल्या मीना प्रभूंच्या प्रवासाच्या पुस्तकांची पारायणं झालेली. आपणही निघावं असं मनात होतंच. पण बेंगळुरूच्या मुलाला एकटी जाते म्हणून सांगायचं धाडस होईना, म्हणून पहिल्या वेळी सांगितलं की ऑफिसमधल्या बायकांचा ग्रुप आहे. पुढच्या वेळीही ग्रुप. नऊ वर्षं तो ग्रुप चालू राहिला, रोज रात्री मुलाला फोन, 'आम्ही पोचलो, आम्ही जेवलो.' आणि लिहायला बसल्यावर हातातून तेच उतरलं.

"खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नाही. हाताला सवय लागली."

मी काय बोलणार? उठले आणि कपाटाशी गेले, कारण मला अशा वेळी पुस्तकांशिवाय दुसरं काही सुचत नाही. डर्व्हला मर्फीचं सांगितलं, आयर्लंडची, दहाव्या वाढदिवसाला सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं तेव्हाच भारतापर्यंत सायकलने जायचं ठरवलं, पण आजारी आईचं करण्यात वर्षं गेली आणि आई 1962 मधे गेल्यावर 1963 च्या जानेवारीत, 31 व्या वर्षी, ती निघाली. सायकलवर एकटी, जवळ एक छोटं पिस्तूल, जुलैमधे दिल्ली. ताई म्हणाल्या, "तिचं पण आजारपण काढण्यातच गेलं म्हण की."

मग आनंदीबाई जोशी. 18 वर्षांची मुलगी, 1883 च्या एप्रिलमधे कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला, नवरा बरोबर नाही. निघण्याआधी फेब्रुवारीत सेरामपूरच्या कॉलेजात तिने भाषण केलं होतं, लोक जे प्रश्न विचारून भंडावत होते ते एकेक घेऊन उत्तरं दिली आणि त्यातला एक प्रश्न हाच, की मी एकटी का जाते. तिने भर सभेत सांगितलं, नवऱ्याने आणि मी मिळून जायचं होतं पण त्यांच्यावर घरच्यांची जबाबदारी आहे, म्हणून एकटी. मला त्या भाषणाचं फार वाटतं. म्हणजे पहिल्या बाईपासून हा प्रश्न चुकलेला नाही आणि उत्तर देऊनच बोटीत पाय ठेवायचा. पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं 1889 चं पुस्तक माझ्याकडे आहे, नावात 'प्रवासवृत्त' आहे पण त्यातसुद्धा बाई स्वतःबद्दल थोडं आणि त्या देशाबद्दल भरभरून बोलतात. स्वतःला मधे आणायचं नाही हे बायकांच्या लिखाणात खूप जुनं आहे आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं.

ताईंना सगळ्यात लागलं ते मात्र अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांचं. 1924 मधे ल्हासाला पोचलेली फ्रेंच बाई, 55 वर्षांची, परक्यांना तिथे मज्जाव म्हणून भिकारी यात्रेकरूच्या वेशात, केस काळे करून. बरोबर योंगदेन नावाचा तरुण लामा होता, दोघं आई-मुलगा म्हणून चालत गेले.

"आणि तो बरोबर होता हे तिनं लिहिलं?"

"हो, पानोपानी."

ताई जरा वेळ तिकिटांची रबरं सारखी करत बसल्या. मग म्हणाल्या, "तिनं असलेला माणूस लिहिला. मी नसलेली माणसं लिहिली. काढ गं सगळे आम्ही."

फाइलमधे शोध लावला, 412 ठिकाणी 'आम्ही'. आम्हाला, आमचा, आमच्या वेगळेच. मला वाटलं आधी सरसकट बदलून टाकू मग वाचून दुरुस्त करू, म्हणून रिप्लेस ऑल केलं, आणि अर्थातच सगळीकडे 'मी पोचलो', 'मी निघालो' झालं कारण क्रियापद कुठे आपोआप बदलतंय. ताईंनी चष्मा सारखा करून स्क्रीन वाचली.

"बरोबर हाय की."

त्यांच्या बोलण्याप्रमाणे खरंच बरोबर होतं! मी तर खूश झाले. कोल्हापूरची बाई आहे, ती 'मी गेलो' म्हणते, तर तिच्या पुस्तकात 'मी गेलो'च यावं, पुण्याचं 'गेले' तिच्या तोंडात कशाला कोंबायचं, असं माझं मत होतं आणि अजूनही बऱ्यापैकी आहे. ताई म्हणाल्या, बघू, पुढं चल.

मग तो बदल मागे घेऊन एकेक 'आम्ही' बघायला लागलो. आणि तेव्हा लक्षात आलं की सगळेच खोटे नाहीत. स्पितीच्या रस्त्यावर नाकोच्या पुढे मलिंग नाल्यापाशी दरड आली तिथे 'आम्ही सगळे खाली उतरलो आणि दगड बाजूला केले' असं होतं. तो आम्ही खरा, सगळी बस उतरली होती, तो ठेवला. ताबोच्या मठात, तो 996 सालचा, अंधाऱ्या सभामंडपात 'आम्ही डोळे सरावेपर्यंत उभे राहिलो'. इथे कोण होतं? "मीच." बदललं. 'आम्ही भित्तिचित्रं पाहिली', इथे नुसता आम्ही काढून मी टाकला तरी चालतं कारण पाहिली ही चित्रं, बघणारा एक असो की दहा, बाई असो की बाप्या. मराठीत हे किती सोयीचं आहे हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. 'आम्ही गेलो' म्हणलं की किती जण तेही कळत नाही आणि बाई गेली का पुरुष तेही कळत नाही. लपायला याहून चांगली जागा नाही.

दुपारी दोनला पिठलं-भात खाल्ला आणि माजुलीला बसलो. ब्रह्मपुत्रेतलं बेट, जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरी, पलीकडे कमलाबारी. सत्रं म्हणजे तिथले वैष्णव मठ, नामघर म्हणजे प्रार्थनेची जागा, सामागुरी सत्रातले मुखवटे, सगळं छान लिहिलेलं. शेवटी एक वाक्य होतं, 'परतीची शेवटची फेरी चुकली, आमची रात्रीची सोय झाली, सकाळच्या फेरीने निघालो.'

मी 'आमची' वर कर्सर नेला आणि विचारलं, माझी करू? ताई काहीच बोलेनात. मी वळून बघितलं तर त्या उजव्या हाताचं एक बोट वर करून बसल्या होत्या, असं छातीशी धरून.

मग सांगितलं. डिसेंबरचा महिना, आसामात पाच वाजता काळोख. घाट म्हणजे नदीच्या वाळूतली मोकळी जागा, चार बांबूची टपरीवजा दुकानं, फेरी गेली तशी रिक्षाही गेल्या, माणसंही पांगली. एका टपरीत एक बाई भांडी घासत होती. ताईंना आसामी येत नाही, तिला हिंदी येत नव्हतं. तिने बोटं दाखवून विचारलं, किती जणं? एक, दोन, तीन असं करून. आणि ताईंनी एक बोट वर केलं.

"पोस्टात मी आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नाही. घरी मात्र नऊ वर्षं. त्या बाईला मी पहिल्यांदा खरा आकडा सांगितला बघ."

त्या बाईने बिनदुधाचा लाल चहा दिला, आतल्या बांबूच्या बाकावर पोतं अंथरलं, उशाला गामोसा, म्हणजे तिकडचा पंचा, घडी करून दिला आणि दाराला आतून दोरी बांधून स्वतः दाराशी आडवी झाली. रात्रभर मधून मधून काठाची माती पाण्यात कोसळल्याचा धप्प आवाज यायचा आणि ती बाई अंधारातच काहीतरी एक शब्द बोलायची, झोप, असा असावा. ताई म्हणाल्या, भीती वाटली, खूप वाटली, पुस्तकात 'आम्हाला जरा भीती वाटली' असं आहे ना, ते 'जरा' पण काढ. आणि सकाळी मुलाला फोन केला तेव्हा सांगितलं, आम्ही छान झोपलो.

मी हे सगळं त्या बोलतील तसं टाईप करत गेले, एक शब्द माझा घातला नाही. चार शब्दांच्या 'आमची रात्रीची सोय झाली' ची तीन पानं झाली. इतक्या वर्षांत लेखकाच्या शेजारी बसून पुस्तक असं उघडताना मी पाहिलं नव्हतं, मला मधेच उठून बाल्कनीत जाऊन यावं लागलं.

परत आले तर ताई ती तीन पानं वाचत होत्या. 'मी एकटीच बसलो होतो' यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे ले कर."

मी वाद घातला. म्हणलं ताई, ही तुमची भाषा आहे, तुम्ही असंच बोलता, राहू दे. त्या म्हणाल्या, "बोलताना समोरच्याला दिसतंय मी बाई हाय ते. पुस्तकात कसं दिसणार? बसले होते कर. सगळीकडं कर. माणसांशी बोललेलं तेवढं हाय तसं ठेव." तासभर मी त्यांना समजावत होते आणि त्या मला, आणि शेवटी त्यांचंच ऐकलं. पुस्तक त्यांचं आहे.

प्रकाशकाला फोन करून सांगितलं तर त्याला लगेच नावात 'एकटी' आणि 'धाडसी' हवं झालं. धाडसी नको म्हणून मी स्पष्ट सांगितलं. ज्या बाईने आत्ता समोर बसून 'जरा' खोडायला लावला तिच्या पुस्तकावर तो शब्द मला सहन होणार नाही. नावाचं अजून ठरायचंय.

ताई साडेसहाच्या बसने निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, आधी पोराला सांगतो, मग छापायला दे. पोचल्याचा मेसेज करा म्हणलं होतं. रात्री पावणेबाराला आला, 'पोचलो. पोरालाबी आत्ता मेसेज केला, मी पोचलो म्हणून. बाकीचं रविवारी फोनवर सांगतो त्याला.' रविवारी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, सोमवारी फक्त 'छाप' एवढा मेसेज आला.

दुसरं प्रूफ काल हातात आलंय. माजुलीचं प्रकरण तीन पानांनी वाढल्यामुळे त्याच्या पुढचे अनुक्रमणिकेतले सगळे आकडे हललेत, ते आज बसून बदलते.